सात महिन्यांनंतर १.८ लिटरचा थर्मास: बाटलीला नऊ, रिंगेला भोपळा

दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली, पुश बटणाचं बूच, वर कपाचं झाकण. बाकी सगळं खोक्यावर छापलेलं असतं. जून ते डिसेंबर, साताऱ्यातून निघणाऱ्या सहा जणांच्या टोळक्याबरोबर ही बाटली हिंडली: सज्जनगड-ठोसेघर-चाळकेवाडी, कास, शेवटी वासोटा. लिहायला बसायचं कारण मात्र बुचाच्या पोटाशी बसणारी पांढरी सिलिकॉनची रिंग.

आधी हिशेब. बूच आत शिरतं म्हणून वर दोन बोटं जागा सोडावी लागते, हाती येतो १.६ लिटर. १२० मिलीच्या कपाने तेरा कप. सहा जणांना दोनदा, उरलेला एक ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याला. पावसाळी रविवारी पॉइंटवरच्या टपरीचा दर धरला तर, घरचं दूध-साखर वजा जाऊनही, आठ-नऊ सहलींत पैसे वसूल.

गरम राहण्याबद्दल तक्रार नाही, पण बाटली आधी तापवायला हवी. सातारा साधारण साडेसातशे मीटरवर, इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. त्यातले काही अंश गार स्टील खातं. उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवायचं, ओतून द्यायचं, लगेच चहा. सकाळी सहाला भरलेला चहा बाराला ठोसेघरला फुंकून प्यावा लागतो. अर्धीच भरली तर तीन-चार तास आधी कोमट होतो.

आता रिंग. ऑगस्टात सॅकेत आडवी पडली की बाटली पाझरायला लागली. चहा लवकर निवायचाही, म्हणून भिंतींमधली निर्वात पोकळी गेली असा समज झाला. ते तपासणं सोपं आहे: उकळतं पाणी भरा, बूच लावू नका, पंधरा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंगाला किंवा बुडाला चटका लागला तर बाटली मेली. इथे बाहेरून गारच. म्हणजे दोष बुचात. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: रिंग झिजणारी वस्तू, वॉरंटीत नाही, सुटी मिळत नाही, अख्खं बूच घ्या. बुचाची किंमत बाटलीच्या जवळपास निम्मी. तिथून खाली मान घालून परतलो, आणि खरेदीच्या पानावर दोन तारे ठोकले.

ते दोन तारे आता मागे घेतोय, निम्मे तरी. रिंगेच्या एका कडेला पातळ ओठ असतो, तो खाली, चहाच्या बाजूला यायला हवा. धुऊन उलटी बसवली तर दिसायला काहीच फरक नाही, पण आडवी केली की ठिबक सुरू. ही चूक वापरणाऱ्याची. मात्र माहितीपत्रकात त्याचं एक चित्रही नाही, ही चूक त्यांची.

दुसरं कारण चहाची भुकटी. आपल्याकडची बारीक पत्ती प्लास्टिकच्या गाळणीतून निसटते आणि बटणाच्या स्प्रिंगखालच्या झडपेत अडकते. झडप केसभर उघडी राहिली तरी वाफ जाते आणि चहा निवतो. फडक्याने गाळल्यापासून हा त्रास बंद. तरीही उन्हात-वाफेत सिलिकॉन सैल होतंच. मिक्सर-कुकरच्या सुट्या भागांच्या दुकानात जुनी रिंग घेऊन जा, बाहेरचा व्यास आणि जाडी दोन्ही जुळवा. व्यास जुळतो आणि जाडी जास्त निघते, मग बटण दाबलेलंच राहतं. आम्हाला चौथ्या डब्यातली बसली, तीस रुपये.

वास हे तिसरं दुखणं. आल्याचा चहा नेला की पुढच्या सहलीचं पाणीही आल्याचं. रिंग काढून सोडा टाकलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळायची. बाटलीत गरम पाणी, दोन चमचे खायचा सोडा, रात्रभर, बूच न लावता. तारेची घासणी आत घालू नका.

आणि दुधाचा चहा सहा तासांच्या वर ठेवू नका. आलं दूध फाडतं, म्हणून ते आधी पाण्यात खळखळून उकळायचं, दूध नंतर. गूळ तर गॅस बंद केल्यावरच, तरीही फाटू शकतो. गुळाचा चहा थर्मासात नेणं हा आपल्या भागातला हट्ट आहे, एवढंच म्हणतो. वासोट्याला बामणोलीहून लाँच, मग चढ, परत लाँच, दिवस जातो. तिथे कोरा चहा आणि दुधाची पावडर वेगळी. भरलेली बाटली पावणेतीन किलोच्या आसपास भरते, चढावर आळीपाळीने घ्यावी लागते. उतरताना रिकामी घ्यायला सगळेच तयार असतात.

नवीन घेणार असाल तर बटणाचं नको, साधं आट्यांचं भरीव बूच घ्या. ओतताना पूर्ण उघडावं लागतं, चालेल; झडपच नाही तर अडकणार काय? आमच्याकडे बटणाचंच आहे, म्हणून रिंगा दोन घेतल्या. जादाची कपाच्या झाकणात, ओठ कुठल्या बाजूला ते पेनाने लिहून.