एडमंटनमधली नवी फर्नेस: यंत्राआधी बसवणारा पारखावा

फर्नेस (घर तापवणारे गॅसवरचे यंत्र) बदलायची म्हटले की आपल्या मंडळींची पहिली चौकशी कंपनीची असते. कोणत्या कंपनीची घेतली, किती टक्के कार्यक्षमता, किती वर्षांची हमी, एवढे कळले की निर्णय झाला. गेल्या शरद ऋतूत आमच्या घरची जुनी फर्नेस बदलून घेतल्यावर आणि नव्या फर्नेसवर कॅनडातल्या एडमंटनचा एक पूर्ण हिवाळा काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांत फार अंतर नसते. अंतर असते ते बसवणाऱ्याच्या हातात. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या कामाचे आहे. काम करणारी कंपनी छोटी व स्थानिक आहे आणि तिच्याबद्दल माझी एक तक्रारही आहे, त्यामुळे नाव देत नाही.

पहिली चांगली गोष्ट मापाची. इतर कंपन्यांकडून आलेल्या माणसांनी जुन्या फर्नेसवरची पट्टी वाचून तेवढ्याच मापाची नवी सुचवली होती. या कंपनीच्या माणसाने मात्र खोल्या, खिडक्या आणि पोटमाळ्यावरचे इन्सुलेशन मोजून कॅनडात प्रचलित असलेल्या एफ-२८० मानकानुसार घरातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब केला आणि १,००,००० बीटीयूच्या (हे उष्णतेचे एकक) जागी ६०,००० बीटीयूची फर्नेस पुरेल असे सांगितले. जुनी फर्नेस ८० टक्के कार्यक्षमतेची आणि नवी ९६ टक्क्यांची, हा त्यातला एक भाग. पण मूळ माप गरजेपेक्षा मोठे होते हे खरे कारण. गरजेपेक्षा मोठी फर्नेस काही मिनिटांत घर तापवून बंद होते, पुन्हा लगेच सुरू होते, आणि या सततच्या चालू-बंदमुळे सुटे भाग लवकर झिजतात, शिवाय कडेच्या खोल्या थंडच राहतात. उणे ३५ च्या रात्रीही आमच्या घरात २१ अंश टिकले.

नव्या पद्धतीची फर्नेस ज्वलनातील वाफेचेही पाणी करून तिची उष्णता काढून घेते, त्यामुळे तिचा धूर इतका थंड होतो की तो प्लास्टिकच्या पाइपमधून भिंतीबाहेर सोडता येतो. हा पाइप साध्या पांढऱ्या पीव्हीसीचा चालत नाही. कॅनडात त्यावर एस-६३६ ही खूण छापलेली असावी लागते, आणि ती खूण दिसेल अशा रीतीने पाइप फिरवून बसवलेला पाहून मला बरे वाटले. पाइपला फर्नेसच्या दिशेने फुटाला पाव इंच उतार दिला होता, म्हणजे आत साचणारे पाणी बाहेरच्या तोंडाशी गोठत नाही. बाहेरची तोंडे नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा फूटभर उंच काढली होती, आणि बाहेर पडणारी वाफ हवा आत घेणाऱ्या पाइपवर गोठून त्याचे तोंड बुजवणार नाही इतके अंतर दोघांत राखले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारण्याआधीच सांगितली, आणि केवळ तिच्यासाठी मी ही कंपनी पुन्हा निवडेन. जुनी फर्नेस आणि पाण्याचा हीटर यांची चिमणी एकच होती. फर्नेस तिथून काढल्यावर एकट्या हीटरसाठी ती चिमणी फार रुंद ठरते, तिच्यात धूर थंड पडतो आणि वर जाण्याऐवजी घरात परतू शकतो. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा थेट धोका. त्यांनी चिमणीत लहान व्यासाचे धातूचे लायनर (आतली नळी) घातले. त्याचे पैसे वेगळे पडले, पण स्वस्त दर देणाऱ्यांपैकी एकानेही हा विषय काढला नव्हता.

आता तक्रार. फर्नेसमधून निघणारे आम्लयुक्त पाणी जमिनीवरच्या निचऱ्याच्या जाळीपर्यंत नेणारी बारीक नळी त्यांनी नेमकी बाहेरची हवा आत आणणाऱ्या डक्टखालून नेली होती. कडाक्याच्या थंडीत त्या डक्टमधून उणे ३० ची हवा सरळ जमिनीवर पडते. जानेवारीत नळी गोठली, पाणी मागे तुंबले, प्रेशर स्विचने फर्नेस बंद केली आणि झाकणाच्या छोट्या काचेतून लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकू लागला. सुरक्षेची यंत्रणा चोख चालली हे खरे, पण नळी तिथून जायलाच नको होती. त्याच रात्री आलेल्या तंत्रज्ञाने कोमट पाण्याने बर्फ सोडवला, नळी उबदार बाजूने फिरवली आणि पैसे घेतले नाहीत. थंडी येते म्हणून अनेक जण त्या डक्टमध्ये चिंध्या कोंबतात. तसे कदापि करू नका, असे त्याने बजावले, कारण हीटरच्या ज्योतीला लागणारी हवा तिथूनच येते.

काम संपवतानाची तपासणी मात्र पाहण्यासारखी होती. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले, मॅनोमीटरने गॅसचा दाब मोजला, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक पट्टीवर छापलेल्या मर्यादेत आहे याची खात्री केली आणि आकडे लिहून दिले. परमिट त्यांनीच काढले होते. झोपण्याच्या खोल्यांजवळचे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बटण दाबून तपासले. जुन्या अलार्मवरची मुदत संपलेली निघाली, तेव्हा ते बदलून घेतले.

फर्नेस गॅसवर चालत असली तरी पंखा आणि नियंत्रण विजेवर चालते, हे इथे नव्याने आलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. १३ जानेवारी २०२४ रोजी आमच्या अल्बर्टा प्रांतात वीज जपून वापरण्याचा तातडीचा इशारा मोबाइलवर आला, तेव्हा अनेकांना याची जाणीव झाली. घर थंड पडू लागले तर पाण्याचे नळ फुटू नयेत म्हणून मुख्य झडप कुठे आहे आणि पाइप कसे रिकामे करायचे, हेही तंत्रज्ञाने दाखवले. डिसेंबरात पुण्या-नागपूरला जाणाऱ्यांनी थर्मोस्टॅट बंद न करता १५ अंशांच्या आसपास ठेवावा आणि शेजाऱ्याला घरात चक्कर मारायला सांगावे. हिवाळ्यात घर रिकामे असताना कोणी नियमित पाहणी केली नाही, तर गोठण्याने झालेले नुकसान विमा बहुधा भरून देत नाही.

पाचपैकी चार तारे देतो. दर बाजारात सर्वांत कमी नाही. फर्नेसची नोंदणी त्यांनी कंपनीकडे स्वतः करून दिली. बहुतेक कंपन्यांत ती ठरावीक मुदतीत केली नाही, तर सुट्या भागांची दहा वर्षांची हमी पाचवर येते, तेव्हा नोंदणीची पावती हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.