प्रूफ ओके, पण कशावर? मेसेजिंगचा आठ महिन्यांचा अनुभव

कराडात माझं डीटीपी (म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं काम) आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, बिलबुकं, आणि मधल्या वेळेत आधारचे प्रिंट. गिऱ्हाईक दुकानात येतं ते पैसे द्यायला, बाकी सगळं मोबाईलवर. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मोबाईल म्हणजे फक्त व्हॉट्सअ‍ॅप. मग एक पत्रिका अंगाशी आली.

मुलीच्या मामांनी सकाळी मजकूर पाठवला. मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटं. मी लगेच कॉपी करून कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नेला. दहाएक मिनिटांनी मामांनी तोच मेसेज एडिट करून 35 चं 53 केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो. वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘एडिटेड’ येतं, पण फोन पुन्हा वाजत नाही. मामांचा समज, कळवलं. माझा समज, काही बदललं नाही. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, त्यांनी ओके दिलं (प्रूफ पूर्ण कोणी वाचत नाही, प्रत्येकजण आपापलं नाव शोधतो) आणि 300 पत्रिका छापून झाल्या. परत उघडून बघायचं काम माझं होतं, म्हणून दुसऱ्या छपाईचा खर्च माझ्या खिशातून. तेव्हापासून कुठलंही अ‍ॅप घेतलं की मी आधी एकच बघतो: पाठवलेलं नंतर बदलता येतं का, आणि बदललं तर मला दिसतं का.

या हिशोबानं टेलिग्राम सगळ्यात धोक्याचं. 48 तासांपर्यंत एडिट चालतं, आणि दोघांच्या चॅटमधला मेसेज कधीही दोन्हीकडून पुसता येतो. ‘मी असं म्हटलोच नव्हतो’ म्हणणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. पण फाइलसाठी तेच मला आवडलं. सगळं क्लाउडवर राहतं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं की मागच्या हंगामाचा 600 एमबीचा फोटोंचा गठ्ठा तिथेच. 2 जीबीपर्यंतची फाइल एका दमात जाते. जीमेलला 25 एमबीची अट, पुढे ड्राइव्हची लिंक, आणि मग ‘दादा, परमिशन मागतंय’ असे फोन.

फोटोचं मात्र गिऱ्हाइकाला समजावता समजावता तोंड दुखतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबून लहान होतो, लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायचा तर सव्वापाच इंच, पत्रिकेवर जेमतेम भागतं. तोच 10 फुटी फ्लेक्सवर ताणला तर इंचाला 13 पिक्सेल. वाढदिवस असलेल्या भाऊंच्या मिशा चौकोनी दिसतात आणि कार्यकर्ते माझ्या मशीनला नावं ठेवतात. उपाय सोपा आहे, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दारावर पाटी लावलीय. वाचतं कोण?

सिग्नल हे तिसरं मेसेजिंग अ‍ॅप मी कौतुकानं घेतलं. 24 तासांपर्यंत एडिट होतं, पण आधीचा मजकूर काय होता ते समोरच्याला उघडून बघता येतं. माझ्या धंद्याला हवं ते हेच. मामांच्या वेळी हे असतं तर 35 आणि 53 दोन्ही समोर दिसले असते. अडचण एकच, आठ महिन्यांत तिथे माझ्याशी बोलायला तिघं आले. त्यातला एक कागदवाला, एक पुण्यातला भाचा, आणि तिसरी आमची सौ., तीही मी फोन हातात घेऊन इन्स्टॉल करून दिलं म्हणून.

आधारच्या प्रिंटबद्दल एक सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलवरचं चॅट दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतं, मधल्या कंपनीलाही वाचता येत नाही; टेलिग्रामचं साधं चॅट तसं नसतं, त्यासाठी वेगळं ‘सिक्रेट चॅट’ उघडावं लागतं. म्हणून आधार-पॅन टेलिग्रामवर मी घेत नाही. पण कुलूप कुठलंही असो, फाइल माझ्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये उतरली की उघडीच. रात्री शटर ओढण्याआधी तो फोल्डर रिकामा करतो. सगळे दुकानदार करत असतील असं धरून चालू नका.

आता एसएमएस. हसू नका. शेवटचं ओके मी आता त्याच्यावरच घेतो, कारण एकदा गेलेला साधा एसएमएस ना एडिट होतो ना समोरच्याच्या फोनवरून पुसला जातो. मात्र मराठीत लिहायचं तर हात आखडावा लागतो. इंग्रजी 160 अक्षरं बसतात तिथे देवनागरीला 70, आणि काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘पत्रिका’ आपल्या डोळ्याला तीन अक्षरं, मोबाईलला सात. 70 ओलांडले की एका एसएमएसचे दोन होतात. म्हणून गिऱ्हाइकाला मी पाठवायचा मजकूरही ठरवून टाकलाय: ‘पत्रिका तयार आहे. सातच्या आत या.’ टिंबं आणि मोकळ्या जागा धरून 32. नेट नसलेल्या डोंगराकडच्या गावातही पोचतो, बटणाच्या फोनवरही वाचता येतो.

व्हॉइस मेसेजवर वेळ घालवत नाही. ‘ते वरचं नाव जरा खाली घ्या आणि खालचं तिकडं’ हे तीनदा ऐकूनही तिकडं म्हणजे कुठं ते कळत नाही.

सध्या चाललंय ते असं: बोलणं आणि प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर, जड फाइल टेलिग्रामवर, ओके एसएमएसनं. छपाईला लावण्याआधी चॅटवर वरपासून एकदा नजर फिरवतो, ‘एडिटेड’ शोधत. यात एकच गिऱ्हाईक बसत नाही, पाटणकडचे आप्पा. बटणाचा फोन, टाइप करायचा कंटाळा. प्रूफचा कागद एसटीतून जातो आणि उत्तर मिस कॉलनं येतं. एक वाजला तर छापा, दोन वाजले तर चूक आहे, मी येतोय. परवा तीन वाजले. फोन केला तर म्हणाले, काही नाही, खिशात दाबलं गेलं.