रेव्हलस्टोकची समिट ट्रेल: घाई करू नका, टेकडीवर थांबा

कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या माउंट रेव्हलस्टोक नॅशनल पार्कची समिट ट्रेल ऑगस्टमध्ये केली. एका बाजूने साधारण 10 किलोमीटर आणि जवळजवळ सगळा चढच आहे, गुडघे जपून. पण मला लिहायचंय ते सुरुवातीलाच लागणाऱ्या नेल्स नेल्सन टेकडीबद्दल, कारण बरेच लोक तिथे दोन फोटो काढतात आणि पुढे निघतात, आणि मला खरंच वाईट वाटलं.

इथे एकेकाळी जगात नावाजलेली स्की जंप होती, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्की घालून घसरत येऊन हवेत लांब उडी मारायची जागा. 1970 च्या दशकात स्पर्धा बंद पडल्या, आता उडी मारायला काही उरलेलं नाही, उरलाय तो फक्त उतार. माहितीचे फलक आहेत ते नीट वाचा. नेल्सन नॉर्वेतून 1913 ला आलेला, रेल्वेत नोकरी करायचा, आणि त्याने 1925 मध्ये याच टेकडीवरून 240 फूट म्हणजे 73 मीटर उडी मारून जागतिक विक्रम केला. पुढे 1932 ला बॉब लिंबर्नने इथेच 82 मीटर केले. वाचताना आकडे वाटतात हो, पण वर उभं राहून खाली कोलंबिया नदी आणि गाव बघितलं ना, की पोटात गोळा येतो, आणि ही माणसं लाकडी स्की बांधून, डोक्यावर हेल्मेटसुद्धा नसताना हवेत झेपावायची.

मला सगळ्यात जास्त भिडली ती इझाबेल कूर्सिये. 1922 साली, 16 वर्षांची पोर, इथून 84 फूट उडी मारून बायकांचा जागतिक विक्रम करते! आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांना स्की जंप करायला मिळाली ती थेट 2014 ला. माझी लेक पण 16 चीच, ती फलक वाचून गप्प झाली, मग उताराच्या कडेला जाऊन कितीतरी वेळ खाली बघत उभी राहिली. मी हाक मारली नाही.

पुढची वाट दाट जंगलातून जाते, सावली भरपूर पण मधे तासन्‌तास काही दिसत नाही, त्याची तयारी ठेवा. पाणी जास्तीचं घ्या, अस्वलांचा भाग आहे त्यामुळे बेअर स्प्रे (अस्वलाला पळवून लावणारा तिखट फवारा) हवाच आणि बोलत बोलत चाला. वरच्या टप्प्यात झाडं विरळ होतात, रानफुलं सुरू होतात आणि बालसम लेक आला की सगळा थकवा उतरतो. वरपर्यंत 26 किलोमीटरचा गाडीरस्ता पण आहे, आमच्या ह्यांनी गाडी वर आणली म्हणून उतरायचा त्रास वाचला, जमलं तर तसंच करा. पार्कचा पास लागतो.

ट्रेलला 4 स्टार. टेकडीला पूर्ण 5, चढायचं नसेल तर नुसती तेवढी बघायला जा, पार्किंगपासून जवळच आहे.