ऑटो कीस्टोनचा प्रोजेक्टर: दिवाळीपासून नवतपापर्यंत

दिवाळीत घेतलेल्या १०८०पी एलईडी प्रोजेक्टरने आता नागपूरचा नवतपाही (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पाहिला, म्हणून लिहितो. रंग, आवाज यांवर भरपूर लिहिलेलं सापडेल. दुकानदाराने तो विकला ऑटो अलाइनमेंटच्या, म्हणजे चित्र आपोआप जुळवण्याच्या जोरावर, तर तेवढ्याबद्दलच.

चालू केला की भिंतीवर नक्षी पडते, कॅमेरा ती वाचतो, फोकस लागतो आणि तिरका चौकोन सरळ होतो; हे सरळ करणं म्हणजे कीस्टोन. हिवाळ्यात गच्चीवर टाकीच्या भिंतीवर सिनेमे पाहिले. जागा रोज वेगळी, तरी पोरं मांडायची आणि लागायचा. त्या कामाला हा एक नंबर.

पण चित्र सरळ होतं ते लेन्स हलवून नाही. आतल्या छोट्या एलसीडी पॅनेलवरच ते आक्रसून बसवतात, म्हणजे १९२० × १०८० मधले काही पिक्सेल वाया. सिनेमात फारसं कळत नाही. स्कोअरबोर्ड आणि सबटायटलची अक्षरं मात्र मऊ पडतात. शिवाय एलसीडी प्रकाश पूर्ण अडवत नाही, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात चित्राभोवती राखाडी पट्टा दिसतो.

खरी गंमत कूलर लागल्यावर. खिडकीतल्या कूलरने प्रोजेक्टरखालचा टीपॉय थरथरतो, मोशन सेन्सरला वाटतं जागा बदलली, आणि ऐन शेवटच्या षटकात बॅट्समनच्या जागी नक्षी! सेटिंगमध्ये हलल्यावरची जुळणी बंद केली, फक्त सुरू करतानाची ठेवली. फोकसचं वेगळंच. थंड मशीनवर लागलेला फोकस तापल्यावर सरकतो, त्यामुळे थोड्या वेळाने रिमोटवरून पुन्हा लावतो.

पूर्वीच्या तीन ट्यूबवाल्या प्रोजेक्शन टीव्हीत दुखणं निराळं होतं. लाल, हिरवं, निळं चित्र एकमेकांवर बसवायचं; टीव्हीची दिशा बदलली तरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने ते ढळे. पडद्याच्या कडेला लपवलेले सेन्सर ते जुळवत. सोनी त्याला फ्लॅश फोकस म्हणे, हिताची मॅजिक फोकस. तिथे जुळवण्याने चित्र धारदार होई, इथे उलट थोडं बोथट होतं.

म्हणून आता हॉलमध्ये ब्रॅकेट ठोकून भिंतीसमोर अगदी सरळ लावलाय, कीस्टोन शून्यावर. अक्षरं लगेच सुधारली. ऑटो आता फक्त गच्चीवर. आणि हो, लेन्सशेजारच्या कॅमेऱ्याच्या छोट्या काचेवर उन्हाळ्यात धूळ बसते, मग जुळणी वाकडी येते. सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी ती चष्म्याच्या कापडाने पुसून बघा.