अमेरिकेत नॅनीचा पगार: हातात रोख द्यावा की कागदोपत्री?

बाळंतपणाची रजा संपत आलेली असते, भारतातून आलेल्या आजीचं परतीचं तिकीट काढलेलं असतं आणि डेकेअरची प्रतीक्षायादी लांबलचक असते. अशा वेळी न्यू जर्सी असो वा कॅलिफोर्नियातला बे एरिया, एक सल्ला हमखास मिळतो: मूल सांभाळायला ओळखीतली बाई घरी ठेवा, आठवड्याला रोख द्या, कागदपत्रांच्या भानगडीत पडू नका.

रोख पगार देणं बेकायदा नाही. तो लपवणं बेकायदा आहे. तुमच्या घरी, तुमच्या सांगण्याप्रमाणे काम करणारी व्यक्ती आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या करखात्याच्या लेखी तुमची कर्मचारी ठरते. २०२६ मध्ये तिला वर्षभरात ३,००० डॉलर किंवा अधिक दिलेत, की सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांचे कर लागू होतात: ७.६५ टक्के तिच्या पगारातून, तेवढेच तुमच्या खिशातून. तिचा वाटा कापायचा राहिला, तरी तो भरायचा तुम्हीच. तिला कंत्राटदार ठरवून १०९९ हा कंत्राटदारांचा कर-फॉर्म हातात ठेवण्याची पळवाट इथे चालत नाही.

आता हिशेब. आठवड्याला ६०० डॉलर, वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे ३०,०००. रोखीत वरखर्च शून्य. कागदोपत्री तुमचा वाटा २,२९५, शिवाय केंद्राचा बेरोजगारी कर बहुतेक राज्यांत ४२ डॉलर आणि राज्याचा वेगळा. इथवर रोखीचं पारडं जड वाटतं. पण तुमच्या कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवायचं खातं असेल, तर २०२६ पासून त्यात ७,५०० डॉलर करमुक्त ठेवता येतात. आयकराच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यातल्या जोडप्याचे त्यात १,८०० वाचतात, आणि तुमचा पगार सोशल सिक्युरिटी कराच्या कमाल मर्यादेत असेल तर आणखी सुमारे ५७०. खर्च जवळपास भरून निघतो. मात्र या सवलतीसाठी विवरणपत्रात सांभाळणारीचा कर क्रमांक द्यावा लागतो, आणि लपवलेल्या पगारात तो कुठून देणार?

तिच्या बाजूने पाहिलं तर फरक याहून मोठा आहे. कागदोपत्री ६०० तले सुमारे ४६ कापले जातात, हे खरं. पण सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट, म्हणजे किमान दहा वर्षांचं नोंदलेलं काम लागतं. आपली मुलं वाढवणारी बाई म्हातारपणी रिकाम्या हाती राहावी, हे मला पटत नाही. काम सुटल्यावर तिने बेरोजगारी भत्त्याचा अर्ज केला, तर राज्य तुमच्याकडेच विचारणा करतं, हेही लक्षात असू द्या.

आपल्या लोकांत एक प्रकार फार चालतो: एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या, कामाचा परवाना नसलेल्या शेजारणीला रोख देणं. इथे प्रश्न कराच्या पलीकडे जातो. तिचा व्हिसाच धोक्यात येतो. हे करूच नका.

शनिवारी संध्याकाळी मूल सांभाळायला येणारी शाळकरी मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे कर लागत नाहीत. मूल तुम्ही सांभाळणाऱ्या मावशींच्या घरी सोडत असाल, तर तो सहसा त्यांचा स्वतःचा व्यवसाय. डब्ल्यू-१० या फॉर्मवर त्यांचा कर क्रमांक घ्या, पुढचा कर त्या भरतील.

रोज घरी येणाऱ्या नॅनीसाठी मी कागदोपत्रीच म्हणेन. आयआरएसच्या संकेतस्थळावर ईआयएन, म्हणजे मालकाचा कर क्रमांक फुकट मिळतो, जानेवारीअखेर तिला डब्ल्यू-२ हा पगाराचा वार्षिक दाखला द्यायचा आणि तुमच्या वार्षिक विवरणपत्राला शेड्यूल एच हे घरकामगारांच्या करांचं परिशिष्ट जोडायचं. कपात कोण सोसणार, हे मात्र पगार ठरवतानाच तिच्याशी बोलून घ्या.