कूलर, वायरी आणि मध्येच आलेले मामा: व्हिडिओतून नको ते काढायचं तर कशाने?

लग्नसराई उरकली की ओळखीतले व्हिडिओ एडिटर एकच प्रश्न विचारतात: शॉटमधली नको ती वस्तू पुसायला कुठलं सॉफ्टवेअर धरावं? डाविंची रिझॉल्व्हचं पैशाचं स्टुडिओ व्हर्जन घ्यावं, आफ्टर इफेक्ट्सचं सबस्क्रिप्शन चालू ठेवावं, मोका प्रो शिकावं, की ऑनलाइन एआयवर क्लिप टाकून मोकळं व्हावं? मी आधी शॉट बघायला मागतो. कॅमेरा हलतोय का, नको असलेल्या वस्तूच्या मागे काय आहे, आणि तिच्यापुढून कोणी जातंय का, एवढं कळलं की निम्मा निर्णय झालेला असतो. सॉफ्टवेअर त्यानंतर.

आपल्याकडचा नेहमीचा शॉट घेऊ. मे महिना, लातूरकडचं एखादं मंगल कार्यालय, स्टेजच्या कडेला पत्र्याचा भलामोठा कूलर. कॅमेरा ट्रायपॉडवर, मागे गुलाबी-पांढऱ्या कापडाचं डेकोरेशन. पार्टीचा, म्हणजे लग्नघरच्या गिऱ्हाइकाचा, निरोप येतो, "भाऊ, तेवढं कूलर काढून टाका की." बघायला सोपं काम, पण ऑटोमॅटिक टूल नेमकं इथेच अडखळतं. आफ्टर इफेक्ट्समधलं कंटेंट अवेअर फिल किंवा रिझॉल्व्हचं ऑब्जेक्ट रिमूव्हल वस्तूमागचा भाग क्लिपच्या दुसऱ्या फ्रेममध्ये शोधतं आणि तिथून उचलून आणतं. कॅमेरा जागचा हलत नाही, कूलरही हलत नाही, म्हणजे त्यामागचं कापड एकाही फ्रेममध्ये दिसलेलं नसतं. मग टूल अंदाजाने भरतं आणि तिथे धुरकट डाग उठतो.

उलट त्याच शॉटमध्ये मामा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून गेले असतील, तर ते काढणं हातचा मळ आहे. ते येण्याआधीची फ्रेम हीच तुमची क्लीन प्लेट, म्हणजे नको ती वस्तू नसलेलं चित्र. तेवढा तुकडा मास्क करून, म्हणजे भोवती रेघ आखून वेगळा काढून, वर ठेवा, कडा मऊ करा, झालं. यासाठी एक रुपयाही खर्च करू नका.

कूलरचं म्हणाल तर डेकोरेशन बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखं असतं. दुसऱ्या बाजूचं कापड उलटं फिरवून, म्हणजे फ्लिप करून, कूलरवर बसवायचं. तो तुकडा स्थिर फ्रेमचा घेऊ नका. कूलरच्या वाऱ्याने शेजारचं कापड हलत असतं आणि तुमचा पॅच, म्हणजे वर बसवलेला तुकडा, भिंतीवरच्या पोस्टरसारखा गपगार राहतो. चालत्या क्लिपचाच तुकडा घ्या आणि दहा-पंधरा फ्रेम पुढे-मागे सरकवा, म्हणजे दोन्हीकडची कापडं एका तालात हलणार नाहीत. प्रकाश डावी-उजवीकडून वेगळा असेल तर पॅचचा रंग थोडा जुळवा. मग अक्षता टाकायला कूलरपुढून गेलेल्या माणसांचा रोटो करायचा, म्हणजे त्यांच्या कडेने फ्रेमागणिक मास्क हलवत न्यायचा. 25 फ्रेमच्या हिशोबाने चार सेकंद म्हणजे शंभर फ्रेम. हे कंटाळवाणं आहे, पण रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमधल्या फ्यूजन पेजवर, म्हणजे इफेक्ट्सच्या विभागात, सगळं होतं. कूलरपुढे पाहुणे शॉटभर गप्पा मारत उभेच असतील तर नाद सोडा आणि क्रॉप करा. 4के मध्ये शूट करून 1080 मध्ये द्यायचं असेल, तर दुप्पट झूम करूनही चित्र फुटत नाही.

कॅमेरा हलायला लागला की खरी तुलना सुरू होते. वरातीचा शॉट, कॅमेरा गिंबलवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या हँडलवर, गल्लीत डोक्यावर विजेच्या वायरी. वायरीमागे मोकळं आकाश असेल तर कुठलंही टूल चालतं. तीच वायर मागच्या दुमजली घराच्या बाल्कनीवरून जात असेल, तर वायर जवळची आणि बाल्कनी लांबची, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकतात. ट्रॅक करायचा, म्हणजे फ्रेमागणिक हालचालीचा माग घ्यायचा, तो बाल्कनीच्या भिंतीचा, वायरीचा नव्हे. नवशिके बरोबर उलटं करतात आणि मग पॅच भिंतीवर घसरत फिरतो.

अशा शॉटला आफ्टर इफेक्ट्समधलं फिल चांगलं उतरतं. व्हिडिओसाठी ते 2019 मध्ये आलं. वस्तूभोवती मास्क काढून तो ट्रॅक करायचा, मोड सबट्रॅक्टवर ठेवायचा म्हणजे तिथे भोक पडतं, आणि टूल ते भोक भरतं. ऑब्जेक्ट, सरफेस आणि एज ब्लेंड अशा तीन पद्धती मिळतात. वायर, माणूस, गाडी यांना ऑब्जेक्ट. पाटी किंवा भिंतीवरचा फलक यांना सरफेस. साध्या पृष्ठभागावरच्या छोट्या डागाला एज ब्लेंड. निकाल आवडला नाही तर रेफरन्स फ्रेम काढून फोटोशॉपमध्ये हाताने रंगवून देता येते, मग टूल तिच्या आधाराने बाकीच्या फ्रेम भरतं. ही सोय मला त्या सबस्क्रिप्शनमधली सगळ्यात मोलाची वाटते. वरच्या कूलरलाही ती चालली असती. अडचण अशी की भरलेला भाग पीएनजीच्या सिक्वेन्समध्ये डिस्कवर साठतो, आणि 4केच्या एका फ्रेममध्ये सुमारे 83 लाख पिक्सेल असतात. वर्क एरिया, म्हणजे क्लिपचा जेवढा भाग टूलला द्यायचा तो, गरजेपुरताच ठेवा. परभणीच्या उन्हाळ्यात दुपारी हा रेंडर लॅपटॉपवर लावायचा असेल तर वर काढलेला कूलर लॅपटॉपपुढे ठेवावा लागेल!

रिझॉल्व्ह स्टुडिओचं ऑब्जेक्ट रिमूव्हल कलर पेजवर, म्हणजे रंगकामाच्या विभागात, चालतं. पॉवर विंडो (रिझॉल्व्हमधला मास्क) काढून ट्रॅक करायची, त्या नोडची, म्हणजे कामाच्या त्या टप्प्याची, की (मास्कचा आकार) पुढच्या नोडला जोडायची आणि सीन अ‍ॅनालिसिस चालवायचं. कॅमेरा स्थिर असेल तर 'अझ्यूम नो मोशन' वर टिक. मागचा भाग सापडला नाही तर क्लीन प्लेट बनवायचा पर्याय आहे, पण त्यावर माझा फारसा भरवसा नाही. ग्रेडिंग, म्हणजे रंगकाम, चालू असतानाच काम होतं, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जा-ये करावी लागत नाही, हा मोठा फायदा. हातात ताबा मात्र आफ्टर इफेक्ट्सपेक्षा कमी. छोटी वस्तू, साधी पार्श्वभूमी, लग्नाच्या फिल्ममध्ये पाचपन्नास शॉट, अशा कामाला ते बरं.

आता वेरूळ. पर्यटनाच्या व्हिडिओत कैलास लेण्यासमोर, म्हणजे 16 नंबरला, टोपीवाला पर्यटक मधोमध उभा आणि कॅमेरा संथपणे सरकतोय. मागे कोरीव खांब आणि त्याच्याही मागे सावलीतली भिंत, प्रत्येकाची खोली निराळी. इथे मोका प्रोची किंमत कळते. सपाट पृष्ठभाग धरून ट्रॅक करणं, ज्याला प्लेनर ट्रॅकिंग म्हणतात, ही त्याची ओळख. त्यासाठी 2013 मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळालेला आहे. त्यातल्या रिमूव्ह मॉड्यूलला तुम्ही पुढचा थर आणि मागचा थर वेगळा ट्रॅक करून सांगता, उजेड बदलत असेल तर तेही जुळवून घ्यायला लावता, आणि ते बाकीच्या फ्रेममधून खांबाचा खरा तुकडा शोधून आणतं. आफ्टर इफेक्ट्ससोबत फुकट मिळणारं मोका एई निराळं, त्यात ट्रॅकिंग आहे पण रिमूव्ह नाही. या दोघांत गल्लत करून लोक पस्तावतात. शिकायला मोका जड जातं. लग्नाच्या कामासाठी ते विकत घेणं मला पटत नाही. एखादं मोठं काम आलं तर तेवढ्यापुरतं महिन्याचं भाडं भरावं.

वेरूळ-अजिंठ्याच्या फुटेजबद्दल आणखी एक. काम माहितीपटाचं किंवा नोंदीचं असेल तर शिल्पाचा भाग अंदाजाने भरू देऊ नका. कॅमेऱ्याने न पाहिलेला हात किंवा मुकुट टूल बिनदिक्कत तयार करतं. तिथे पर्यटक राहिला तरी चालेल, नाहीतर दुसरा शॉट लावा.

ऑनलाइन एआय टूलमध्ये क्लिप टाकायची, ब्रश फिरवायचा, थांबायचं. रीलसाठी, दोन-तीन सेकंदांसाठी, मोबाइलवरच बघायचं असेल तर जरूर. मोठ्या टीव्हीवर मात्र भरलेला भाग लिबलिबतो, ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक रवा, जुळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी मूळ रिझोल्यूशन परत मिळत नाही. शिवाय घरच्या लग्नाचं फुटेज परक्या सर्व्हरवर चढवताय, हे पार्टीला विचारलंय का? स्वतःच्या मशीनवर चालणारे पर्याय आहेत. 2023 मधलं प्रोपेंटर हे एआय मॉडेल चांगलं भरतं, पण त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मोकळा नाही आणि ग्राफिक्स कार्डची मेमरीही भरपूर खातं. मेटाने 2024 मध्ये खुलं केलेलं सॅम 2 हे मॉडेल फक्त मास्क काढून देतं, भरत काहीच नाही. पण त्या शंभर फ्रेमच्या रोटोचं ओझं ते खूपच हलकं करतं, आणि कामधंद्याला वापरायला मोकळीक आहे.

मग घ्यायचं काय? लग्नं आणि वाढदिवस करत असाल तर फुकट रिझॉल्व्ह, त्यातला प्लेनर ट्रॅकर आणि पॅच लावायची सवय, एवढ्यावर बहुतेक कामं निघतात. स्टुडिओ व्हर्जन 295 डॉलर, एकदाच भरायचे. नॉइज रिडक्शनसारख्या बाकीच्या गोष्टी हव्या असतील तर घ्या, नुसत्या ऑब्जेक्ट रिमूव्हलसाठी मी घेणार नाही. मोशन ग्राफिक्ससाठी आफ्टर इफेक्ट्स आधीच चालू असेल तर दुसरं काही शोधू नका. जाहिराती किंवा पर्यटनाची कामं येत असतील तरच मोका.

पैसे भरण्याआधी एक करा. ऑब्जेक्ट रिमूव्हलसारखी स्टुडिओची टूल फुकट व्हर्जनमध्येही लावून बघता येतात, फक्त चित्रावर वॉटरमार्क येतो. मागच्या सीझनमधली सगळ्यात वाईट क्लिप काढा, तिच्यावर टूल चालवा, पूर्ण रिझोल्यूशनला रेंडर करा आणि पेन ड्राइव्हवर घेऊन घरच्या टीव्हीवर लावा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर न दिसलेली कड तिथे दिसते.