डॉट ईथ घ्यावं की एकदाच पैसे भरून मोकळं व्हावं?

भाचा राजारामपुरीत बसून परदेशी गेम कंपन्यांसाठी चित्रं काढतो. काहीजण त्याचे पैसे क्रिप्टोत देतात. वॉलेटचा पत्ता म्हणजे ४२ अक्षरांची माळ. पहिली चार आणि शेवटची चार ताडून लोक पाठवून देतात, आणि भामटे नेमके तेवढीच जुळणारे पत्ते बनवतात. म्हणून त्याला आता पत्त्याऐवजी सांगता येईल असं, शेवटी .eth म्हणजे डॉट ईथ वगैरे असलेलं, वाचता येणारं नाव हवंय.

आधी एक गोष्ट: नावात पैसे नसतात. पैसे पाठवणाऱ्याचं ॲप रजिस्ट्रीला, म्हणजे नावांच्या नोंदवहीला, विचारतं, ‘या नावाचा रिझॉल्व्हर कुठला?’ आणि रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा प्रोग्राम, त्यात नोंदवलेला पत्ता देतो. तिथेच बिटकॉइनचा वेगळा पत्ता, फोटो, वेबसाइट, गिटहबचं नाव ठेवता येतं. वॉलेट बदललं की नोंद बदलायची, नाव तेच. इथवर डॉट ईथ नावं देणारी इथेरियम नेम सर्व्हिस काय आणि एकदाच पैसे घेऊन नावं विकणारी अनस्टॉपेबल डोमेन्स काय, सारखेच.

फरक सुरू होतो पैशापाशी. डॉट ईथ भाड्याचं घर आहे. पाच किंवा जास्त अक्षरांना वर्षाला ५ डॉलर, चारला १६०, तीनला ६४०. वर गॅस, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला नेटवर्कला द्यावं लागणारं शुल्क, वेगळा. मुदत संपल्यावर ९० दिवसांची सवलत, नंतर नाव कुणीही उचलू शकतो. नूतनीकरणाचे पैसे मात्र कुणीही भरू शकतं, मालकी बदलत नाही. म्हणजे भाचा विसरला तरी मामा आहे.

अनस्टॉपेबलचं डॉट क्रिप्टोसारखं नाव एकदाच विकत घ्यायचं, पुन्हा भरणं नाही. ऐकायला गोड, पण २०२२ मध्ये त्यांनी डॉट कॉइन बंद केलं, कारण नावाचं तेच शेपूट, ‘डॉट कॉइन’, आधीपासून दुसऱ्या एका यंत्रणेत चालू होतं. ज्यांनी घेतलं होतं त्यांचं टोकन, म्हणजे नावाच्या मालकीची डिजिटल पावती, वॉलेटमध्ये राहिलं, पण ॲप ते नाव ओळखेनात. कायमचं नाव तोवरच, जोवर समोरचं ॲप ते वाचतं. माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यात डॉट ईथ पुढे आहे. मेटामास्क हे वॉलेट ॲप ते सरळ वाचतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती उलट नोंदीत. नावावरून पत्ता ही एक नोंद, पत्त्यावरून नाव ही दुसरी. ती त्याच वॉलेटमधून वेगळी करावी लागते. कारण तुमच्या पत्त्याकडे स्वतःचं नाव कुणीही वळवू शकतं; पत्त्यानं कुठलं नाव दाखवायचं हे मात्र पत्त्याच्या मालकानंच ठरवायचं. जुनं नाव दुसऱ्याकडून घेतलं, तर आधीच्या मालकाचा पत्ता नोंदीत तसाच असू शकतो. तो आधी पुसायचा.

आणि हो, पत्त्यावरची शिल्लक तशीही कुणालाही दिसते; नावाला फोटो-प्रोफाइल जोडलं की ती कुणाची तेही कळतं. आख्ख्या पेठेला पगार कळल्यासारखं. बचतीचं वॉलेट निराळं ठेव म्हटलं.

भाच्याला सांगितलं: सहा-सात अक्षरांचं डॉट ईथ घे, पाच वर्षांचे एकदम भर. गॅस दरवर्षी कशाला? आणि बिलावर नाव छापायच्या आधी ओळखीच्या एखाद्याकडून थोडीशी रक्कम मागवून बघ.